शवासन चालू आहे

"ताई, रागानं शिकू नगा," हौसाबाई म्हणाल्या. "रागानं शिकलेलं लई घट्ट बसतंय. मग निघत न्हाई."

त्या सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या. वर्ग सुटला होता, बाकीच्या बायका जिना उतरून गेल्या होत्या आणि मी वाचनालयाच्या वरच्या त्या रिकाम्या हॉलमध्ये उभी राहून भिंतीला योगनिद्रा शिकवत होते. उजव्या पायाचा अंगठा सैल. घोटा सैल. पोटरी सैल.

"राग कुठं आहे, हौसाबाई? सैल म्हणतेय की मी."

"त्ये तोंडानं. दात बघा कसं आवळल्यात."

मी हसून सोडून दिलं. हॉल झाडणारी बाई मला योग शिकवणार, एवढंच मनात आलं. मी एम.एस्सी. झालेली, योगशिक्षक अभ्यासक्रमाच्या वर्गात लेखी परीक्षेत पहिली आलेली. त्यांनी घड्या कपाटात ठेवल्या, बादली उचलली आणि आमच्या योगशिक्षिका इनामदार बाईंच्या घराकडं गेल्या. सकाळी हॉल झाडायचा, मग बाईंच्या घरी जाऊन त्यांच्या म्हाताऱ्या आईला, जिजींना, चहा द्यायचा आणि अंघोळ घालायची, मग वर्ग सुटल्यावर परत येऊन आवराआवर, हा त्यांचा रोजचा क्रम.

त्या गेल्यावर मी पुन्हा सुरू केलं. मांडी सैल. कंबर सैल. दात खरोखरच आवळलेले होते.

त्याला कारण होतं.

मी कराडला सासूबाईंजवळ राहत होते. त्यांना मी आत्या म्हणते. नवरा, सत्यजित, पुण्यात नोकरीला, शनिवारी यायचा. मैत्रेयी, म्हणजे आमची मैतू, नऊ महिन्यांची असताना मी कुमुद इनामदार बाईंच्या वर्गात नाव घातलं. बाळंतपणानंतर मला झोप लागायची नाही. मैतूचा श्वास चालू आहे का, हे बघायला मी रात्रीतून दहा वेळा तिच्या नाकाखाली बोट धरायचे. आत्याच म्हणाल्या, "जा बाई त्या इनामदारीणबाईंकडं, नाहीतर पोरीच्या आधी तूच आजारी पडशील."

बाई साठीच्या होत्या. ताठ, बारीक, पांढरी सुती साडी. आसन चुकलं तर ओरडायच्या नाहीत, नुसतं शेजारी येऊन उभ्या राहायच्या. त्यांचा एकच नियम लोखंडी होता. शेवटची वीस मिनिटं शवासन, आणि त्यात कुणालाही, कशासाठीही उठवायचं नाही. मोबाईल बंद करून दाराजवळच्या स्टीलच्या डब्यात. एकदा हौसाबाईंच्या हातून जिन्यात बादली पडली, तर बाईंनी त्यांच्याशी आठवडाभर अक्षर काढलं नव्हतं. आमच्या वर्गातल्या वर्षाताई म्हणायच्या, "बाईंच्या शवासनात यम आला ना, तर तोसुद्धा चपला काढून बाहेर थांबेल."

आम्ही सगळ्या खूप हसायचो.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी मी अशीच पडले होते. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच माझं शरीर जमिनीला सोपवल्यासारखं झालं होतं. कानाशी घड्याळाची टिकटिक लांब गेली होती. बाईंचा आवाज आला, "सावकाश कुशीवर वळा," तेव्हा मला रडू येईल इतकं बरं वाटत होतं.

डोळे उघडले तर दारात मुल्लाचाचा. आमच्या शेजारचे, रिक्षा चालवायचे. दोन्ही हातांत स्वतःच्या चपला धरून उभे होते.

"बेटा, चल," ते म्हणाले. "घाबरू नको. पोरीला झटका आलावता. आत्यांना आणि पोरीला दवाखान्यात सोडून तुला न्यायला आलोय."

"कधी आलात तुम्ही?"

त्यांनी बाईंकडं बघितलं. मग खाली. "झाला थोडा टाइम."

रिक्षात त्यांनी खरं सांगितलं. आल्याआल्या ते म्हणाले होते, पोरीला बरं नाही, आईला बोलवा. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. हळू आवाजात म्हणाल्या, "शवासन चालू आहे. असं मधेच उठवलं तर त्रास होतो. थांबा." बायकांच्या वर्गात पुरुषमाणसानं आत कसं जायचं, म्हणून ते थांबले. दारावरच घड्याळ होतं. त्यांनी बघितलेलं होतं. तेरा मिनिटं.

दवाखान्यात पोचले तेव्हा मैतू झोपवलेली होती. हाताला सुई, तोंड एका बाजूला कललेलं. मधल्या वेळात तिला दुसरा झटका येऊन गेला होता. डॉक्टर आत्यांना विचारत होते, ताप कधीपासून, औषध काय दिलं, किती दिलं, आणि आत्या पदर तोंडात धरून नुसत्या मान हलवत होत्या. "तिच्या आईला ठाऊक," एवढंच म्हणत होत्या. "तिची आई येतेच आहे."

तापातला झटका होता. लहान मुलांना येतो. दोन दिवसांनी मैतू घरी आली आणि वाटीतला भात जमिनीवर सांडून हसायला लागली. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही तेरा मिनिटं आधी आला असतात तरी काही फरक पडला नसता." त्यांना मला धीर द्यायचा होता.

चौथ्या दिवशी मी वर्गाला गेले. सगळ्यांसमोर बोलायचं ठरवून गेले होते.

बाईंनीच आधी विचारलं, "मुलगी बरी आहे?"

"आहे."

"मग झालं तर. तिथं डॉक्टर होते. तू जाऊन काय करणार होतीस?" आणि शेजारच्या बाईचा खांदा सरळ करायला त्या वळल्या.

मी घरी परत निघाले होते. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबले. मार्चमध्ये आमचे परीक्षेचे पाठ होते. प्रत्येकीनं बाहेरच्या परीक्षकांसमोर अर्धा तास वर्ग घ्यायचा. आणि बाईंची एक जुनी पद्धत होती, त्यांनीच पहिल्या दिवशी अभिमानानं सांगितलेली. परीक्षेच्या दिवशी त्या शेवटच्या रांगेत सतरंजी टाकून बसायच्या. "त्या दिवशी तुम्ही शिक्षक, मी विद्यार्थी. तुम्ही सांगाल ते मी करणार."

मी पायऱ्या चढून परत वर गेले आणि माझ्या जागेवर बसले.

पुढचे चार महिने माझ्याइतकी मन लावून कुणी शिकली नसेल. मी पहाटे उठून प्राणायाम केला. शरीररचनेच्या आकृत्या काढल्या. बाई बोलताना कुठं थांबतात, कुठल्या शब्दावर श्वास सोडतात, बोट ओठांवर ठेवताना मान किती कलवतात, सगळं टिपलं. माझं वजन उतरलं, पाठ सरळ झाली, चेहरा शांत दिसायला लागला. आत्या शेजारणींना सांगायच्या, "सूनबाईत केवढा फरक पडला!" खुद्द बाई एकदा म्हणाल्या, "स्वरूपा, तू शिक्षक होणार. तुझ्यात थांबण्याची ताकद आहे." मी वाकून नमस्कार केला. वाकताना त्यांच्या पायांकडं बघत मी मनात म्हटलं, थांबा तुम्ही मार्चपर्यंत.

पाठाला मी योगनिद्रा घेतली. पाठाचं टाचण व्यवस्थित लिहिलं: उद्दिष्ट, पूर्वतयारी, सूचना. आणि टाचणात नसलेला एक भाग निराळ्या कागदावर लिहून पाठ केला.

परीक्षेच्या दिवशी सांगलीहून देशिंगकर सर आले होते. समोर खुर्चीत बसले, मांडीवर गुणांचा तक्ता. सगळ्यांचे मोबाईल डब्यात. बाईंनी स्वतःचा मोबाईलही डब्यात टाकला, दाराला लागून शेवटच्या रांगेत सतरंजी पसरली आणि माझ्याकडं बघून हसल्या. शिक्षिकेचं पोर पहिल्यांदा स्टेजवर चढतं तेव्हा ती हसेल, तसं. ते हसू मला आवडलं नाही. मी नजर काढून घेतली.

"पाठीवर झोपा. पायांत अंतर. तळहात छताकडं."

बावीस शरीरं जमिनीवर सैल झाली. मी रांगांमधून चालत होते. अंगठा, घोटा, पोटरी. माझा आवाज मलाच परका वाटावा इतका मऊ झाला होता. समोर देशिंगकर सरांचेसुद्धा डोळे मिटले.

मग मी बाईंच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले आणि त्या निराळ्या कागदावरचं सुरू केलं.

"आता बाहेरचे आवाज ऐकू येतील. जिन्यात पावलं वाजतील. कुणीतरी दाराशी येईल. आपलं नाव घेईल. घरी कुणीतरी आजारी असेल. आपण उठायचं नाही. आपल्या माणसाला आपली गरज असेल. आपण उठायचं नाही. दारातला माणूस चपला हातात घेऊन उभा राहील. आपण सैल. आपण शांत."

बाईंच्या भुवया किंचित आत ओढल्या गेल्या. कळलं होतं त्यांना. माझ्या छातीत काहीतरी गोड पसरलं. मला एवढंच हवं होतं. नुसत्या शब्दांनी टोचायचं. त्या जमिनीवर आणि मी उभी, आणि त्यांनी हलायचं नाही.

तेवढ्यात जिन्यात खरीच पावलं वाजली.

दारात हौसाबाई. धाप लागलेली, पदर भिजलेला, पुढच्या केसांना साबणाचा फेस.

मी दाराशी गेले.

"बाईस्नी उठवा," त्या कुजबुजल्या. "जिजी मोरीत पडल्यात. पाय वाकडा झालाय. शेजारच्या वैनीस्नी बसवून आलेय, पर त्या कुणाला हात लावू देईनात. कुमुदला बोलवा, कुमुदला बोलवा, येवढंच चाललंय."

दोन पावलांवर बाई पडल्या होत्या.

मी ओठांवर बोट ठेवलं. मान थोडी कलवली.

"शवासन चालू आहे," मी म्हणाले. "असं मधेच उठवलं तर त्रास होतो. थांबा."

हौसाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. बावीस बायका उठून बसतील, परीक्षक डोळे उघडतील. पण अकरा वर्षं बाईंनी त्यांना तोच नियम शिकवला होता. त्यांनी आत टाकलेलं पाऊल मागं घेतलं आणि उंबऱ्याबाहेर, मुल्लाचाचा उभे होते तिथंच, उभ्या राहिल्या. हातातून साबणाचं पाणी टपकत होतं.

मी दारावरच्या घड्याळाकडं बघितलं. सात वाजून एकवीस मिनिटं.

पुढं मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. पोट सैल. छाती सैल. मान सैल. कपाळावरची आठी सैल. मी घाई केली नाही. श्वास मोजून घेतले. एकदाही आवाज हलला नाही. सात पंचवीसला मी पुन्हा शेवटच्या रांगेपाशी आले आणि बाईंच्या चेहऱ्याकडं बघितलं.

डोळे मिटलेले होते. डाव्या डोळ्याच्या कडेतून एक ओघळ निघून कानात उतरला होता. तळहात छताकडं, बोटं जराही हललेली नाहीत.

त्यांनी ऐकलेलं होतं.

मी तिथून पुढं गेले. नखं सैल. पापण्या सैल.

सात चौतीसला मी म्हणाले, "सावकाश कुशीवर वळा."

बाई वळल्या नाहीत, सरळ उठल्या. चप्पल न घालता जिना उतरल्या. त्यांच्यामागं हौसाबाई. जाताना हौसाबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. देशिंगकर सरांनी डोळे उघडले, तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "आवाजावर काय ताबा आहे तुमचा! फार वर्षांनी इतकी खोल योगनिद्रा अनुभवली. कुणाकडं शिकलात?"

"इनामदार बाईंकडं," मी म्हणाले.

जिजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण त्या पुन्हा उठल्या नाहीत. पाच आठवड्यांनी गेल्या. शहाऐंशी वर्षांच्या होत्या. डॉक्टर म्हणाले, दहा-पंधरा मिनिटांनी काही फरक पडला नसता. हे मला वर्षाताईंनी सांगितलं. परीक्षेच्या गडबडीत उशीर झाला, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मी घरी बसून वाट बघत होते की मला बरं वाटेल. नोव्हेंबरपासून ज्या क्षणासाठी मी पहाटे उठत होते तो मला मिळाला होता. आणि मला रोज फक्त साबणाचं पाणी टपकलेलं आठवत होतं, उंबऱ्यावर, एकेक थेंब.

मे महिन्यात बाईंनी प्रमाणपत्र न्यायला घरी बोलावलं. जिजींची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. बाईंनी सही केलेला कागद माझ्यासमोर ठेवला. पहिला क्रमांक.

"मी ऐकलं होतं, स्वरूपा."

"माहीत आहे."

"मला आईपाशी जायचं होतं."

"मग उठला का नाहीत?" माझा आवाज चढला. "कुणी धरलं होतं तुम्हाला? मी तर झोपले होते! मला माहीतच नव्हतं! तुम्हाला तर ऐकू आलं होतं!"

त्यांनी भिंतीला उभ्या केलेल्या खाटेकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तू कधी उठवतेस, ते बघत होते."

"तुम्ही मला उठवलं नव्हतं."

"नव्हतं. तू त्या दिवशी रिक्षातून गेल्यावर मी इथं बसून होते. आईला जेवायला वाढायचंसुद्धा राहिलं. पण दुसऱ्या माणसासमोर चुकले म्हणायची मला सवय नाही. तू परत आलीस, शिकत राहिलीस. मला वाटलं, ही माझ्यापेक्षा बरी शिक्षिका होईल. वाटलं, ही उठवेल." त्यांनी प्रमाणपत्र माझ्याकडं सरकवलं. "दर मिनिटाला वाटत होतं."

तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगायला हवी होती. ती मी तोपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती, सत्यजितलाही नाही. त्या नोव्हेंबरच्या सकाळी साडेपाचला मी मैतूच्या कपाळावर हात ठेवला होता. कपाळ तापलं होतं. मी तिला तापाचे थेंब पाजले, आत्यांना उठवलं नाही, सांगितलं नाही, आणि वर्गाला गेले. मला ती वीस मिनिटं हवी होती. मला झोपायचं होतं. चार महिने मी बाईंच्या तेरा मिनिटांचा हिशोब मांडत बसले होते तो एवढ्याचसाठी, की त्याआधीचा सगळा वेळ माझा होता.

तेव्हाही सांगितलं नाही. प्रमाणपत्र घेतलं आणि निघाले. दारात हौसाबाई भांडी घासत होत्या. मी म्हटलं, "येते, हौसाबाई." त्यांनी राखेचा हात तसाच चालू ठेवला.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आत्यांना घेऊन आम्ही पुण्याला आलो. मी योग शिकवते. माझ्या वर्गाचं दार उघडं असतं, मोबाईल ज्याच्या त्याच्या उशाशी, आवाज चालू. शवासनात कुणाचा वाजला तर बाकीच्यांना त्रास होतो, तक्रारी येतात. येऊ देत. एक बाई म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडं शांतता नाही मिळत." मी म्हटलं, "दुसरीकडं जा."

बाईंनी जिजींच्या नंतर वर्ग बंद केला. हौसाबाई मुलीकडं पाटणला गेल्या. दर गुरुपौर्णिमेला मी बाईंना फोन करते. आमचं बोलणं ठरलेलं असतं.

"बाई, स्वरूपा बोलतेय."

"हं. मुलगी?"

"बरी आहे."

"ठेव."

मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांनीही मला केलं नसावं. पण फोन त्या उचलतात.

इथपर्यंतचं मी मागच्या वर्षी लिहून ठेवलं होतं आणि कुणाला दाखवलं नव्हतं. आज इथं सगळ्यांना दाखवतेय, कारण काल गुरुपौर्णिमा झाली आणि बाईंनी फोन उचलला नाही. सहा वेळा केला. आज सकाळी मुल्लाचाचांना फोन केला. गुडघे दुखत असताना ते तिथवर गेले आणि परत आले. म्हणाले, "दार आतनं बंद हाय, बेटा. दोनदा हाक मारली. सकाळची येळ, म्हटलं त्यांचं ते डोळं मिटून पडायचं चालू असंल. थोडं थांबलो आणि आलो." आता ते दुसऱ्या सवारीवर गेलेत, फोन लागत नाही. वर्षाताई मुलाकडं दिल्लीला आहेत.

मी निघतेय. मैतूच्या अंगात बारीक ताप आहे. या वेळी तिला ठेवून जाणार नाही, मागच्या सीटवर झोपवून नेतेय. पण पुण्याहून पोचायला मला तीन तास तरी लागतील.

तुमच्यापैकी कुणी कराडात असेल, तर सोमवार पेठेत घाटाकडं जाताना डाव्या हाताला निळ्या दाराचं बैठं घर आहे. इनामदार, अशी लाकडी पाटी. बेल वाजत नाही, कडी वाजवा. आतून आवाज आला नाही तर शेजाऱ्यांना बोलावून दार ढकला. बाई जमिनीवर सरळ पडलेल्या दिसल्या, डोळे मिटलेले, तळहात छताकडं, तर कुणी काही म्हणू दे, थांबू नका. उठवा त्यांना.